नेटवर्क, प्रायव्हसी आणि वस्तादांचे कान

कोल्हापूरच्या माणसाला फोनवर हळू बोलायला शिकवणं, हे माझ्या नोकरीच्या कागदावर कुठंही लिहिलेलं नव्हतं. तरी माझी निम्मी नोकरी त्यातच गेली. उरलेली निम्मी, समोरचा काय म्हणाला हे नीट ऐकायला शिकवण्यात.

सुरुवात एस.टी.डी. बूथवर झाली. नव्वदच्या दशकात राजारामपुरीत माझ्या दिरांचा बूथ होता आणि दुपारचा मी सांभाळायचे. काचेची केबिन, आत फोन, वर लाल आकडे पळवणारं मीटर, बाहेर बाकड्यावर माणसं. केबिनचं दार ओढून घेतलं की माणसाला वाटायचं, आता आपण आणि पलीकडचा, तिसरं कुणी नाही. प्रत्यक्षात त्याच्या मेव्हण्याच्या मूळव्याधीपासून बहिणीच्या सासूपर्यंत सगळं बाकड्यावरच्या मंडळींना पाठ व्हायचं. एकदा एक जण बोलून बाहेर आला तर बाकड्यावरच्या आजींनी त्याला थांबवून सांगितलं, "पावणं, मुळव्याधीला सुरण घाला म्हणावं." त्यानंही "बरं बरं" म्हणून मान डोलावली. गुपित फुटल्याचं त्याला काहीच वाटलं नाही. आमच्याकडे गुपित म्हणजे जे मोठ्यानं सांगितलं तरी लोक वाईट मानत नाहीत ते.

पुढं मोबाईल आले, बूथ ओस पडले, आणि मी मंगळवार पेठेजवळच्या एका मोबाईल कंपनीच्या सेवा केंद्रात काउंटरवर बसू लागले. निळा कोट, गळ्यात फोटोचं कार्ड, समोर दिवसभर माणसं. त्यांच्या हातात नवेकोरे फोन, आणि फोनमध्ये इंग्रजी मेनू.

त्या मेनूत एक ओळ असायची, 'व्हॉइस प्रायव्हसी'. चालू किंवा बंद, दोनच पर्याय. ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. आपण मोबाईलवर बोलतो तेव्हा आवाज हवेतून टॉवरपर्यंत जातो. वाटेत कुणी यंत्र लावून तो पकडला, तर त्याला शब्द ऐकू न येता नुसती खरखर ऐकू यावी, म्हणून आवाजाला एक कुलूप घालायचं. ती ओळ म्हणजे ते कुलूप. बस, एवढंच. ते टॉवरपर्यंतच्या हवेत असतं, शेजारच्या कट्ट्यावर बसलेल्या माणसाला नसतं. मी आलेल्या प्रत्येक फोनमध्ये ते चालू करून द्यायचे आणि हे वाक्यही बोलायचे. लोक पहिला भाग ऐकायचे, दुसरा सोडून द्यायचे.

गडहिंग्लजकडचे एक मिरचीचे व्यापारी होते. घरात निम्मं कन्नड, निम्मं मराठी. त्यांना मी कुलूप समजावून सांगायला लागले तर हात वर करून म्हणाले, "ताई, ते राहू द्या. आमची प्रायव्हसी म्हणजे कन्नड. भाव सांगायचा झाला की मी कन्नडात शिरतो." मी विचारलं, "पण तुमच्या बाजारात कन्नड कुणाला येत नाही?" त्यांनी डोकं खाजवलं. "सगळ्यांना येतं की," म्हणाले, आणि स्वतःच हसत सुटले. मग म्हणाले, "बरं, घाला ते कुलूप."

दुसरं काम आवाज स्पष्ट करायचं. तेही सोपं. फोनच्या वरच्या बाजूला बारीक भोक असतं, ते कानाच्या भोकावर यायला हवं. निम्मी माणसं ते गालाच्या हाडावर धरतात. खालच्या भोकातून आपला आवाज आत जातो, ते तळहातानं झाकायचं नसतं. तिथं तंबाखूची भुकटी साचली तर मऊ ब्रशनं झाडायची. बाजूच्या बटणानं आवाज वाढतो. एवढं करूनही आवाज स्पष्ट येईना, तर माणूस कुठं उभा राहून बोलतो ते विचारायचं. कबनूरचे एक यंत्रमागवाले तक्रार घेऊन आठ-पंधरा दिवसांनी यायचे, फोन खरखरतो म्हणून. फोन ठणठणीत. शेवटी मी त्यांना म्हटलं, तुमच्या कारखान्यातून मला फोन लावा. त्यांनी लावला. पलीकडं चालू मागांचा असा धडधडाट, की मला वाटलं गाडीखाली आले. त्यातून त्यांचा आवाज आला, "बघा, हाय का न्हाय खरखर!"

अशी आमची गिऱ्हाइकं. पण मला सांगायचंय ते दौलू वस्तादांचं.

दौलू वस्ताद आमच्या केंद्राच्या मागच्या बोळात राहायचे. वय सत्तरीकडं झुकलेलं, पण रस्त्यानं चालले की समोरचा आपसूक कडेला व्हायचा. तरुणपणी त्यांनी मोठमोठी मैदानं मारली होती. मग पेठेतल्या तालमीत पोरं घडवली. पैलवानाचे कान तालमीत डोकं घासून, धडका घेऊन मोडतात. आत रक्त साकळतं आणि कान कांदाभज्यासारखा आकसतो. वस्तादांचे दोन्ही कान तसे होते. त्याचा त्यांना कोण अभिमान. कान सरळ असलेल्या पैलवानाला ते पैलवानच मानत नसत. त्यांचा मुलगा बापू उद्यमनगरात लेथवर कामाला होता. त्यानं वडिलांना फोन घेऊन दिला आणि आठवडाभरातच वस्ताद माझ्या काउंटरवर आले. बरोबर नात अश्विनी. डी.एड. करत होती. बारीक चणीची, तरतरीत.

"ताई," वस्तादांनी फोन काचेवर ठेवला, "ह्यो तुमचा फोन कुजबुजतोय. आन् दुसरं, ह्यात गुपित बोलायचं बटण हाय म्हणं. ते लावा. बोळातल्या बाया माझं समदं बोलणं ऐकत्यात."

अश्विनी खाली मान घालून हसत होती. मी प्रायव्हसीची ओळ दाखवली, चालू करून दिली आणि ठरलेलं वाक्य म्हटलं, "वस्ताद, हे कुलूप टॉवरपर्यंत आहे. बोळाला नाही."

"बोळाला का न्हाय?"

"बोळासाठी तुम्हीच हळू बोलायचं."

"मी हळूच बोलतो की!" ते म्हणाले, आणि आमच्या मागच्या खोलीतला शिपाई काय झालं म्हणून बाहेर आला.

मग आवाज बघितला. बटण आधीच शेवटापर्यंत दाबलेलं होतं. फोन कानावर बसत नव्हता, कारण बसायला कानाची पाळीच उरली नव्हती. मी भोक भोकावर कसं धरायचं ते दाखवलं आणि आत जाऊन, आमच्या नेहमीच्या पद्धतीनं, तपासायला फोन लावला. "वस्ताद, चहा घेणार की सरबत?"

"व्हय, व्हय!" वस्ताद म्हणाले.

मी पुन्हा विचारलं, "चहा, की सरबत?"

"व्हय की! झ्याक!"

बाहेर आले तेव्हा वस्ताद खूश होते. आता स्पष्ट येतंय म्हणाले. अश्विनीनं माझ्याकडं बघितलं, मी तिच्याकडं. मी हळूच म्हटलं, "वस्ताद, एकदा कानाच्या डॉक्टरांना..."

"माझ्या कानाला काय धाड भरलीया?" ते उठलेच. "कान मोडलाय, फुटल्याला न्हाय!"

त्यानंतर वस्ताद अधूनमधून यायचे, रिचार्जला म्हणून. येतानाच कुणाशी तरी बोलत यायचे. मी ऐकत असे. ते बोलायचे भरपूर, आणि समोरचा बोलला की एकच उत्तर द्यायचे. "व्हय, व्हय." ज्याला ऐकू येत नाही आणि तसं कबूल करायचं नाही, त्याच्यासाठी 'व्हय' हा फार सोयीचा शब्द आहे. 'न्हाय' म्हटलं की लोक कारण विचारतात. 'व्हय' म्हटलं की फोन ठेवतात.

एका रविवारी दुपारी, जेवणाची सुट्टी व्हायच्या बेतात, अश्विनी पळत केंद्रात आली. चेहरा उतरलेला.

"ताई, घरी चला. आत्ताच्या आत्ता. बाबांनी बोलवलंय."

"काय झालं?"

"आजोबांनी फोनवर माझं लग्न ठरवलंय."

तिच्या सांगण्यातून कळलं ते असं. कोडोलीचे केरबा आण्णा म्हणून वस्तादांचे जुने जोडीदार. एके काळी दोघं एकमेकांविरुद्ध लढलेले, नंतर दोस्त झालेले. महिन्याभरापूर्वी ते वस्तादांच्या घरी येऊन गेले होते. म्हशीचं दूध पिऊन गेले, गोठा बघून गेले, दूध आणून देणाऱ्या अश्विनीलाही बघून गेले. मग त्यांनी फोन केला आणि आपल्या नातवासाठी अश्विनीला मागणी घातली. वस्तादांनी "न्ह्या की" म्हणून सांगितलं. आणि आज कोडोलीची मंडळी दोन गाड्या भरून, नारळ, पेढे आणि साडी घेऊन, लग्न पक्कं करायची सुपारी फोडायला दारात उतरली होती. घरात कुणालाच काही माहीत नव्हतं.

"आजोबा काय म्हणतात?"

"म्हणतात, मी असं काही बोललोच न्हाय. केरबा आण्णा म्हणतात, बोललात. मग आजोबा गप्प झाले." तिनं ओढणीनं तोंड पुसलं. "आणि आता म्हणतात, आण्णा खोटं बोलायचा न्हाय. मी शब्द दिला असंन तर दिला."

बापूनं मला बोलवलं होतं ते साक्षीला. त्या दिवशी नेटवर्क खराब होतं, बोलणं नीट पोचलं नाही, असं कंपनीच्या बाईनं कोट घालून सांगावं. म्हणजे दोन्ही बाजूंची अब्रू राहील.

मी आमच्या मॅनेजरांना विचारायला गेले. ते पुण्याहून बदलून आलेले, सभ्य आणि घाबरट गृहस्थ. त्यांनी डोकंच धरलं. "मॅडम, आपलं नेटवर्क खराब होतं असं चारचौघांत म्हणायचं नाही. आणि ग्राहकाची चूक होती असंही म्हणायचं नाही."

"मग काय म्हणू?"

त्यांनी विचार केला. "दोन्ही पक्षांना शुभेच्छा द्या," म्हणाले.

वस्तादांच्या घरी सोप्यात, म्हणजे पुढच्या ओसरीत, सतरंज्या टाकल्या होत्या. एका बाजूला कोडोलीची मंडळी, पांढरे फेटे, मध्ये केरबा आण्णा. त्यांचेही दोन्ही कान वस्तादांच्या कानांचे सख्खे भाऊ. त्यांच्यामागं त्यांचा नातू, नवा शर्ट घालून, जमिनीकडं बघत बसलेला. समोर वस्ताद, मांडी घालून, ताठ. आतल्या दाराशी अश्विनीची आई पदराचं टोक तोंडात धरून उभी. उंबऱ्यापाशी बोळातल्या बाया.

बापूनं मला बघितल्याबरोबर जागा करून दिली. "ह्या कंपनीच्या मॅडम. मॅडम, सांगा बरं. त्या दिवशी रेंज न्हवती न्हवं?"

सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. मला खोटं बोलवेना आणि खरं बोलायची परवानगी नव्हती. मी म्हटलं, "त्या दिवशीचं मला आज इथं बसून सांगता येणार नाही. पण फोनवर बोलणं म्हणजे समोरासमोर बोलणं नव्हे. आवाज टॉवरवरून जाताना बारीक होतो, काही अक्षरं गळतात. काय गळलं ते आपल्याला कळत नाही, आणि मोकळ्या जागी आपण मनातलंच भरतो. म्हणून मी दोघांनाही विचारते, त्या दिवशी नेमकं काय बोलणं झालं?"

केरबा आण्णांनी हात पसरले. "मी म्हटलं, वस्ताद, तुमची पोरगी आमाला आवडलीया. आमच्या घरात द्या. वस्ताद म्हणलं, न्ह्या की!"

"तुम्ही काय म्हणालात, वस्ताद?"

वस्ताद माझ्या तोंडाकडं बघत होते. माझे ओठ वाचत होते, हे मला तेव्हा लख्ख कळलं. "मला आता आठवत न्हाय," ते म्हणाले. "आण्णा म्हणतोय म्हंजे बोललो असंन. दौलू वस्तादाचा शब्द हाय. फिरायचा न्हाय."

अश्विनीच्या आईनं डोळ्याला पदर लावला. बापू काही बोलायला गेला तर वस्तादांनी नुसता हात वर केला. कोडोलीकरांपैकी एकानं नारळ पुढं सरकवला.

"थांबा वो!" उंबऱ्यावरून आवाज आला.

मालन काकी. वस्तादांच्या भिंतीला भिंत लागून राहणाऱ्या. वस्ताद ज्यांच्यापासून प्रायव्हसी मागायला माझ्याकडं आले होते त्या बायांपैकी पहिल्या. पदर खोचून त्या सोप्यात आल्या.

"वस्तादास्नी आठवत नसंल. मला आठवतंय. सकाळी मी भाकरी थापत होती. वस्ताद फोनवर काय बोललं ते अख्ख्या बोळानं ऐकलंय. सांगू का?"

"सांगा," मी म्हटलं.

काकींनी हाताचा फोन करून कानाला लावला आणि वस्तादांच्या आवाजात सुरू केलं. "बोला आण्णा! वळखलं की! काय? पारडी? आवडली व्हय? न्ह्या की मग! तुमच्यावाणी घर तिला कुठं घावणार? न्हाय न्हाय, देन्याघेन्याचं नाव काढू नगा. आमच्यात लाडानं वाढलीया. पयलं चार दिस बुजंल, मग रुळंल. चार माणसं आणा, गाडी आणा, आन् न्ह्या. मी शिंगं रंगवून ठेवतो!"

पारडी म्हणजे म्हशीची पाडी, अजून न व्यालेली. वस्तादांच्या गोठ्यात एक होती, काळीभोर, कपाळावर पांढरा टिळा. केरबा आण्णांनी त्या भेटीत तिच्या पाठीवरून हात फिरवून कौतुक केलं होतं, म्हणून वस्ताद तेव्हापासून त्यांच्या मागणीची वाटच बघत होते. पारडीचा फोन त्यांच्या ध्यानात होता, पण पोरीचं बोलणं दुसऱ्याच कुठल्या फोनात झालं असेल असं त्यांना वाटलं होतं.

"शिंगं रंगवून?" कोडोलीकरांतला एक म्हातारा पुटपुटला.

केरबा आण्णा गोंधळले. "मला वाटलं, समदं ठरवून ठेवतो म्हणलं."

आधी केरबा आण्णांचा नातू फिसकन हसला. मग मागच्या फेट्यांपैकी कुणी तरी, मग बोळातल्या बाया, मग सगळा सोपा. बापूनं तर माझा हातच धरला. "बघा, मॅडम! मी म्हणत होतो का न्हवतो? नेटवर्क! समदी चूक नेटवर्कची!" लगेच सगळ्यांनी उचलून धरलं. व्हय व्हय, नेटवर्कच. ह्या कंपन्या असल्याच. कोडोलीत तर टॉवरच धड न्हाय. मला हायसं वाटलं. मॅनेजरांना काय सांगायचं ते नंतर बघू म्हटलं.

अश्विनी मात्र हसली नव्हती. ती आईच्या पुढं आली आणि वस्तादांच्या समोर, त्यांना तोंड दिसेल अशी बसली.

"आजोबा, मालन काकीनं ऐकलं नसतं तर?"

तिचे ओठ नीट दिसावेत म्हणून वस्तादांनी मान पुढं केली.

"पारडी द्यायची तर चार माणसं आणा म्हणालात, लाडानं वाढलीया म्हणालात. आणि मघाशी माझी बारी आली तर काय बोललो ते आठवत न्हाय, पण शब्द फिरायचा न्हाय?"

हसणं थांबलं. बापू म्हणाला, "आशे, गप. झालं न्हवं आता? नेटवर्क खराब हुतं, मिटलं."

वस्तादांनी समोर पडलेला फोन उचलला. तो हातात उलटासुलटा केला. मग माझ्यासमोर ठेवला आणि खालच्या आवाजात, मी त्यांच्या तोंडून कधीच न ऐकलेल्या आवाजात, म्हणाले, "फोन चांगला हाय. नेटवर्कबी चांगलं हाय. मला ऐकू येत न्हाय."

ज्या माणसानं उभ्या आयुष्यात पाठ टेकली नव्हती, त्यानं भरल्या सोप्यात स्वतः होऊन पाठ टेकली होती.

तेवढ्यात केरबा आण्णा पुढं वाकले, कानामागं हात धरला आणि शेजारच्याला म्हणाले, "काय म्हणलं वस्ताद?"

वस्तादांनी श्वास भरून घेतला. "मला ऐकू येत न्हाय, आण्णा!"

"मग मोठ्यांदा बोलत जावा की!" केरबा आण्णा ओरडले. "मला तरी कुठं येतंय!"

त्यानंतर जे हसणं उठलं ते बोळाच्या तोंडापर्यंत गेलं असेल. दोघे म्हातारे एकमेकांच्या खांद्यावर थापा मारत होते. "किती सालं झाली तुमाला?" "लई झाली. घरात म्हणतो, तुमीच तोंडातल्या तोंडात बोलता." "मीबी तेच म्हणतो!"

मग वस्ताद उठले. त्यांना त्यांचा पीळ परत मिळाला होता. "आण्णा, शब्द पारडीचा दिलाय. पारडी न्ह्यायचीच. पोरगीचं मला इचारू नगा. ती समोर हाय, तिला इचारा."

अश्विनीनं उत्तर दिलं, सरळ आणि ऐकू जाईल असं. तिला डी.एड. पुरं करायचं होतं आणि नोकरी करायची होती. लग्नाचं त्यानंतर, आणि माणूस बघून. केरबा आण्णांनी मान डोलावली. त्यांच्या नातवाकडं मी बघत होते. त्याचा चेहरा इतका मोकळा झाला, की मला दाट संशय आला, त्यालाही कुणी विचारलं नव्हतं.

नारळ आणलेला होता, तो परत कसा न्यायचा? तो गोठ्यात पारडीपुढं फोडला. साडी मालन काकींना दिली. पेढे सगळ्यांनी खाल्ले. केरबा आण्णांनी घरी निरोप धाडून एक टेम्पो मागवला. वस्तादांनी खरंच शिंगांना लाल हिंगूळ लावला, गळ्यात माळ घातली, आणि पारडी कोडोलीला गेली. टेम्पो वळणापलीकडं गेल्यावर वस्ताद पाठ करून डोळे पुसत होते. अश्विनी म्हणाली, "तरी बरं, मी गेले नाही."

सोमवारी मॅनेजरांनी विचारलं, "काय झालं हो त्या लग्नाचं?" मी म्हटलं, "सर, आपल्या नेटवर्कला भरसभेत चांगलं म्हणाले." त्यांचा विश्वास बसला नाही.

पुढच्याच आठवड्यात अश्विनीनं वस्तादांना कानाच्या डॉक्टरांकडं नेलं. एका कानाची वाट जवळजवळ बुजलेली होती, दुसऱ्यात थोडी धुगधुगी. कानामागं बसणारं छोटं यंत्र मोडक्या पाळीवर टिकेना, घसरून खांद्यावर पडायचं. शेवटी खिशात ठेवायची पेटी आणि तिच्यातून कानात जाणारी वायर, असं जुन्या पद्धतीचं यंत्र दिलं. माणसांचं बोलणं वस्तादांना ऐकू यायला लागलं. पण फोन कानाला लावला की यंत्र शिट्टी घालायचं आणि ऐकू काहीच येईना. वस्ताद यंत्र आणि फोन दोन्ही माझ्या काउंटरवर आपटून म्हणाले, "ह्या दोघांची कुस्ती लागलीया, ताई. सोडवा."

मी दोन दिवस त्यात डोकं घातलं. मग ध्यानात आलं. त्या यंत्राचा ऐकायचा कान पेटीवर होता, पेटी सदऱ्याच्या खिशात होती, आणि आम्ही फोन भलतीकडं धरत होतो. मी वस्तादांना फोनचं वरचं भोक खिशावर टेकवायला सांगितलं. तोंड लांब राहिलं, पण त्यांच्या आवाजाला ती अडचण कधीच नव्हती. आत जाऊन फोन लावला. "वस्ताद, चहा की सरबत?"

"सरबत," बाहेरून आवाज आला. "साखर कमी."

तेव्हापासून वस्ताद फोन छातीशी धरून बोलू लागले. "रस्त्यात लोक थांबवून इचारत्यात," ते सांगायचे, "वस्ताद, छातीत दुखतंय व्हय?"

ती 'व्हॉइस प्रायव्हसी'ची ओळ पुढं फोनमधून गेली. कुलूप आता आपोआप लागतं म्हणतात. आमचं केंद्रही बंद झालं. लोक तक्रार करायला आता कुठल्या तरी नंबरचा एक दाबा, दोन दाबा करत बसतात. त्या काउंटरवर आणखी थोडे दिवस बसायला मिळायला हवं होतं, असं मला अजून वाटतं. माणसं फोन दुरुस्त करायला यायची आणि फोनला काही झालेलं नसायचं.

अश्विनीला डी.एड. झाल्यावर चंदगड तालुक्यात डोंगरातल्या एका शाळेवर नेमणूक मिळाली. तिथं रेंज फक्त शाळेच्या व्हरांड्याच्या एका कोपऱ्यात यायची, म्हणून ती मधल्या वेळेत तिथं उभी राहून आजोबांना फोन करायची. आमचं केंद्र बंद व्हायच्या आधी एकदा तिचा फोन आला तेव्हा वस्ताद माझ्यासमोरच बसले होते. त्यांनी फोन खिशावर टेकवला. नेहमीचं बोलणं झालं. जेवलीस का, लाकडं हायत का, एस.टी. वेळेवर येती का. मग त्यांनी एकदम हात वर करून आम्हा सगळ्यांना गप्प केलं.

"मागं कोण वरडतंय गं? पोरं पाढं म्हणत्यात व्हय?"

ते डोळे मिटून ऐकत राहिले. काउंटरवरची सगळी गिऱ्हाइकं नुसती बघत होती. थोड्या वेळानं वस्तादांनी डोळे उघडले.

"आशे, त्यात एक बारक्या आवाजाचं पोरगं हाय बघ. समदी सात सक बेचाळीस म्हणत्यात, आन् ते एकटंच चव्वेचाळीस म्हणतंय. त्याला सांग जरा."

पलीकडून काही आलं नसावं. वस्ताद फोन तसाच छातीशी धरून बसले. बराच वेळ झाला तेव्हा मी विचारलं, "वस्ताद, लाइन तुटली का?"

"न्हाय," ते म्हणाले. "हसतीया. तोंडावर हात धरून हसतीया."